रशियातला पोळा

ये वं पोरी, अशी जवळ सरक. दारात काय बसलीस पाहुणी असल्यासारखी? आणि आधी ते तोंड सरळ कर. नवऱ्याच्या दोस्तांचं नाव निघालं की एरंडेल प्यायल्यासारखी दिसतेस, मघापासून पाहून राहिले मी. तुझा नवरा सांजच्याला मंगरूळपीरच्या चौकात दोस्तांसोबत तासभर उभा राहतो. घरी आला की तू विचारतेस, "काय बोलले एवढं?" तो म्हणतो, "काही नाही." आणि त्या एवढ्याशा गोष्टीवरून तू दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीस, थेट बस धरून मावशीकडे येतेस! असं करू नये, बाई.

रागावले का मी? रागावलेच, पण थोडीशी. कारण लग्न झाल्यापासून मीही हेच करत आले. आमचे हे ओट्यावरून उठून जेवायला आले की मी विचारायची, काय चाललं होतं? हे भाकर मोडत म्हणायचे, काही नाही. मला वाटायचं, लपवतात. बायकांच्या चुगल्या करत असतील, नाहीतर वावर विकायचं ठरवत असतील. आता या वयात मला कळलं की खरंच काही नसतं. आणि ते कळलं कशानं, सांगू? एका रशियन सिनेमानं. हस, हस. सगळे हसतात. पण पूर्ण ऐक.

आमचा ओटा तू पाहिलेलाच आहे. दुपारचे चार वाजले की तिथे चार माणसं जमायची. एक आमचे हे. दुसरे समोरच्या घरातले भाऊजी, यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांची वावरंसुद्धा बांधाला बांध लागून. भाऊजी उंच, काडीसारखे. आमचे हे कसे आहेत ते तुला दिसतंच. तिसरे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, विहाराच्या मागे राहतात. गावात भांडण झालं की दोन्हीकडचे लोक त्यांच्याचकडे निवाड्याला जातात. आणि चौथे ड्रायव्हरभाऊ. उभा जन्म एसटी चालवली त्यांनी. आता समोर स्टिअरिंग नाही, तरी बोलताना हात तसेच फिरतात. वळणदार विषय आला की अंगसुद्धा कलतं.

हे चौघं काय बोलायचे? एक नमुना सांगते. वाशिमच्या अलीकडे मालेगावला उतरायचा माणूस बसमध्ये झोपला आणि वाशिमला जाऊन जागा झाला, तर पुढचं तिकीट त्यानं काढायचं की नाही? या एका गोष्टीवर सहा महिने गेले, पोरी! ड्रायव्हरभाऊ म्हणायचे, काढावंच लागते. भाऊजी म्हणायचे, झोपलेल्या माणसानं प्रवास केला असं म्हणताच येत नाही. गुरुजी म्हणायचे, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आणि आमचे हे दर चार दिवसांनी बाजू बदलायचे, का, तर वाद मरू नये म्हणून.

भाऊजींच्या घरची, माझी मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून भाऊजी एकटेच. भाकर स्वतः थापायचे. भाकर कसली, नकाशा! भाजी मी पाठवायची. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. चांगला आहे, सून तर त्याहून चांगली. दोघांनी आग्रहच धरला की बाबा, आता इकडे या, नातवाला आजोबा पाहिजेत. भाऊजींनी बरेच दिवस टाळलं आणि शेवटी हो म्हटलं. वावर बटाईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं. बैलजोडीही बटाईदारालाच द्यायची ठरली. पोळा झाला की आठव्या दिवशी, रविवारी, मुलगा गाडी घेऊन न्यायला येणार होता.

आमच्या यांनी ही बातमी ऐकली. नुसते म्हणाले, "बरं हाय. पुन्यात नळाले पानी येते." झालं. माणूस साठ वर्षांचा दोस्त सोडून चालला आणि हे नळाचं बोलतात! पण त्या दिवसापासून यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मला काय ते दिसत नाही?

मग आला पोळा. तुमच्या तिकडे आता झडत्या कमी झाल्या असतील, आमच्या गावात अजून जोरात चालतात. बैल तोरणाखाली उभे राहिले की कोणीतरी दोन ओळी जुळवून ओरडतो, समोरच्याला चांगला चिमटा काढतो, आणि सगळा गाव "हर बोला हर हर महादेव" करतो. ज्याच्यावर झडती पडली त्यानं तिथल्या तिथे दुसरी टाकून परतवायची, अशी रीत. आमचे हे आणि भाऊजी म्हणजे दर सालचं ठरलेलं जोडपं. हे भाऊजींच्या कंजूसपणावर, ते यांच्या पोटावर. लोक बैलांपेक्षा यांनाच पाहायला यायचे.

या साली भाऊजी जोडी सजवून उभे होते. शिंगांना बेगड, पाठीवर नवी झूल. स्वतःच्या बैलांसोबतचा त्यांचा हा शेवटचा पोळा. आमच्या घरी तर आता ट्रॅक्टर, आमचे हे हात हलवतच गेलेले. आणि यांनी तोंड उघडलं:

"वावर देल्लं बटईनं, दाराले लावली ताटी,
पुन्यात जाऊन मालक धुईन नातवाची दुधाची वाटी!
हर बोला हर हर महादेव!"

गाव पोट धरून हसला. मग सगळे भाऊजींकडे पाहायला लागले, आता हे काय परतवतात म्हणून. आणि भाऊजींनी काहीच परतवलं नाही. बैलांचा कासरा धरला, तोंड फिरवलं, आणि तोरण तुटून पोळा सुटायच्या आधीच जोडी घेऊन घरी निघून गेले. पोरी, आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं. तोरणाखालून बैल माघारी जात नसतात.

दर साली त्यांची जोडी पूजेला सगळ्यात आधी आमच्या दारात यायची. मी पुरणपोळीचं ताट घेऊन उभी. समोरच्या घरात बैल दावणीला बांधलेले मला दिसत होते, पण रस्ता ओलांडून आले नाहीत. उभं राहून राहून माझ्या पायाला मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. आमचे हे ओट्यावर बसायचे, तोंड पिंपळाकडे. भाऊजी समोर आपल्या दारात बसायचे, तोंड भिंतीकडे. मध्ये रस्ता, फार तर दहा पावलांचा. बिचारे गुरुजी आणि ड्रायव्हरभाऊ अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. ड्रायव्हरभाऊ मला म्हणाले, "वहिनी, दोन टरमिनस झाले माहे. दोन्हीकडं चहा घ्याव लागते. पोटात ॲसिड झालं."

मी यांना म्हटलं, "जा ना, दोन शब्द बोला. रविवारी चालले ते."

हे म्हणाले, "त्यानं बोलाव. तोरन सोडून तो गेला, मी नाई."

मी तिकडे भाजी द्यायला गेले. "भाऊजी, सोडा ना राग."

"राग कायचा, वहिनी?" भाऊजी म्हणाले. "भाजी मस्त झाली." अजून त्यांनी डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं!

आता ऐक, सिनेमा कुठून आला ते. माझी नात, मोठीची पोरगी, रशियात डॉक्टरकी शिकते. सुटीत आली होती आठ दिवस. चार वर्षांत ती तिकडची भाषा अशी बोलायला लागली आहे की फोनवर बोलते तेव्हा मला वाटतं घरात कोणी काचा फोडून राहिलं. पोळा तिनं पाहिलाच होता. एक दिवस स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आजी, आबासारखे मानसं तिकडंबी हायेत. त्याईच्यावर सिनेमा हाय माह्याजवळ. चार दोस्त, अन् नुसतं बोलनं."

"नुसतं बोलणं? मारामारी नाही?"

"नाही."

"गाणं?"

"नाही वं आजी. तिकडं गाडी ठेवाच्या खोल्या असतात, लोखंडी दाराच्या. सुट्टीच्या दिवशी मानसं गाडी दुरुस्त कराच्या नावानं ततं जाऊन बसतात. हे चौघं दिवसभर ततंच बसतात, खातात, बोलतात. गाडी काई चालू होत नाई."

माझ्या डोक्यात तेव्हाच दिवा लागला. मी विचारलं, "सिनेमा कोणाला समजणार? तूच सांगणार ना, कोण काय बोलला ते?"

"हो. मीच सांगीन."

"मग एखादं वाक्य तू तुझ्या मनानं सांगितलं, तर कोणाला कळणार आहे?"

 मी तिला सगळं समजावलं. दोन दोस्त बोलत असतील तिथे एकाच्या तोंडी माफी घालायची. मी बांगड्या वाजवल्या की सुरू करायचं. ती म्हणाली, "आजी, हे पाप हाय." मी म्हटलं, "तू डॉक्टर होणार ना? मग कडू गोळीवर साखर लावतात ते समज." तयार झाली.

शुक्रवारी दुपारी बेत केला. पावसाची झड लागली होती, सोयाबीनमध्ये पाय घालता येत नव्हता, सगळे रिकामे. मी आलुबोंडे तळायला घेतले. लॅपटॉपची वायर टीव्हीला लावली. भाऊजींना बोलवायला नातच गेली. माझ्या हाकेला ते आले नसते, पण पोरीला नाही कसं म्हणतील? आले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्या गालावर पांढरी खुंटं तशीच. मला वाटलं, दुःखानं माणूस अर्धाच दाढी करायला लागला.

पुढच्या खोलीत दिवाणावर बसले चौघं. एका टोकाला आमचे हे, दुसऱ्या टोकाला भाऊजी, मध्ये गुरुजी आणि ड्रायव्हरभाऊ, पंगतीत वाढप्यांनी ठेवलेल्या दोन डेचक्यांसारखे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. नात टीव्हीच्या बाजूला स्टुलावर.

सिनेमा सुरू झाला. बाहेर बर्फ, आत ती खोली, मध्ये एक लाल गाडी झाकण उघडं टाकून उभी. चार माणसं. एक जाडा, एक लंबा, एक टोपीवाला आणि एक नुसता खाणारा. जाडा आणि लंबा पाहून माझा जीव आनंदला. देवानंच धाडले म्हटलं.

"गाडीले काय झालं मन्ते?" ड्रायव्हरभाऊंनी पहिल्या मिनिटालाच विचारलं.

"ते अजून बोलले नाई, आजोबा."

"त्याईले मना, आंधी बॅटरी पाहा."

नात सांगायला लागली. खरंच सांगत होती, अजून मी बांगड्या वाजवल्या नव्हत्या. टोपीवाला म्हणत होता की घरातून निघताना आपण गॅस बंद केला की नाही, हे माणसाला नेमकं रस्त्यातच का आठवतं? खाणारा म्हणाला, मला तर गॅस नसलेल्या घरातूनही निघताना तसंच वाटतं. लंबा म्हणाला, माझ्या बायकोला मी माघारी पाठवतो पाहायला. जाडा म्हणाला, म्हणून तर ती तुझ्यासोबत कुठे येत नाही.

आमचे चौघं असे हसले की विचारू नको! यांनी मांडीवर थाप मारली. गुरुजी म्हणाले, "अगदी वास्तव चित्रण आहे." ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "मी एकदा भरलेली गाडी कारंज्याच्या अलीकडून वापस आननार व्हतो, कुलूप आठोलं मनून." भाऊजींच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी उंबऱ्यावर बसून पाहून राहिले, आणि मला कळत गेलं, बाई, की हे असंच असतं यांचं. कुलूप, गॅस, झोपलेला प्रवासी. मी इतकी वर्षं कशाला जळत होते?

तेवढ्यात पडद्यावर जाडा आणि लंबा शेजारी बसले. जाड्याच्या हातात खारवलेली काकडी. तो लंब्याकडे वळून बोलायला लागला. मी बांगड्या वाजवल्या.

नातीनं सुरू केलं. "जाड्या मनून राह्यला... लंब्या, माहं चुकलं गा. चारचौघात तुही मस्करी केली मी. तसं कराले नोको व्हतं."

आमच्या यांचा हात आलुबोंड्यावर होता, तो तिथेच थांबला. भाऊजींचं चघळणं थांबलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही, पण खोलीतली हवा बदलली. मनात म्हटलं, लागलं औषध!

इथंच थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण मला हाव सुटली. मी पुन्हा बांगड्या वाजवल्या, आणि जरा जोरातच.

पोर गडबडली. लंबा काही बोलतच नव्हता, नुसता नाक पुसत होता. तरी ती म्हणाली, "लंब्या मन्ते, मले लय वाईट वाटलं गा. तू एकट्यात काईबी बोल, मी आयकून घेईन. पन पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावासमोर..."

आणि तिनं जीभ चावली.

 पडद्यावर जाड्यानं काकडीचा तुकडा तोडला आणि चौघंही रशियन खो-खो हसायला लागले.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. "रशियात पोळा भरतो?"

"भरते ना," नात म्हणाली. "लहान असते."

"एवढ्या बर्फात?" ड्रायव्हरभाऊंनी विचारलं. "बैल सिलिप होतीन ना गा!"

"स्वेटर घालत असतीन त्याईले," आमचे हे म्हणाले. खरं सांगते, यांना अजून कळलं नव्हतं.

भाऊजींना कळलं. ते उभे राहिले. "पोरी, थांबव ते. अन् खरं सांग. तो जाड्या काय मनला?"

नात रडकुंडीला आली. "आजोबा... तो मनला, काकडी मागच्या सालची हाय, पन चांगली मुरली."

"अन् लंब्या?"

"लंब्या काईच नाई बोलला. त्याले सर्दी झाली."

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे फिरल्या. मी उठून लगबगीनं परातीत हात घातला आणि कणीक मळायला लागले. परातीत कणीक नव्हती.

"काय वं," आमचे हे गरजले, "तुले कोनं सांगतलं व्हतं हे?"

"आमचं आमी पाहून घेतलं असतं, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"पाहून घेतलं असतं!" हे म्हणाले.

"आमी का लहान लेकरं हाओ?"

"नाई त काय!"

"रशियाच्या मानसाच्या तोंडून माफी मांगून राह्यल्या!"

"अन् तेबी जाड्याच्या तोंडून! मी जाड्या हाओ का?"

"तू जाड्या नाई त काय हाय बे?" भाऊजी यांच्याकडे वळून म्हणाले.

आणि दोघंही थांबले. पाच दिवसांत भाऊजी यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. गुरुजींनी हळूच ड्रायव्हरभाऊंचा गुडघा दाबला, की आता मध्ये पडू नको. आणि ते दोघं उठून बाजूच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. दिवाणाचा मधला भाग मोकळा झाला.

मी परात सोडून बाहेर आले. आता लपून काय करायचं? म्हटलं, "हो, मीच केलं. परवा रविवार आहे. गाडी येऊन उभी राहील आणि तुम्ही एक पिंपळाकडे पाहाल, एक भिंतीकडे. मला ते पाहवलं नसतं."

आमचे हे खाली पाहत राहिले. मग म्हणाले, मला नाही, जमिनीला म्हणाले, "मंग काय मनाव व्हतं मी? नोको जाऊ मनाव? त्याचं पोरगं जीव लावून नेऊन राह्यलं, त्याले मी नोको जाऊ कसं मनू? मनाले काई नाई, पन लोकं काय मनतीन? तोंडात झडतीच आली, त मी झडती टाकली."

भाऊजी बसले. टोकाला नाही, जरा अलीकडे. "झडतीचा राग नाई आला मले," ते म्हणाले. "तू दरसाल टाकतं, मी दरसाल परतोतो. पन त्या दिवशी तोंडच उघडेना. बैल बाजूले उभे. त्याईच्यासमोर रडलो असतो त काय इज्जत राह्यली असती? मनून गेलो घरी."

"मंग मले सांगाचं नाई?"

"परतोल्याबिगर कसा बोलू तुह्यासंगं? रीत हाय ना! पाच दिवस झाले जुळवून राह्यलो. आज दाढी करता करता जमली, अन् तेवढ्यात हे पोरगी आली बलवाले. विसरून जाईन मनून तसाच उठून आलो."

म्हणजे बघ, पोरी! ती अर्धी दाढी दुःखाची नव्हतीच. तो माणूस पाच दिवस अबोल्यात नव्हता, यमक शोधत होता. आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी उपास करायचे बाकी होतो.

"मंग टाक ना," आमचे हे म्हणाले. "वाट कायची पाह्यतं?"

भाऊजी उभे राहिले. एवढे उंच की पंख्याची भीती वाटली. घसा साफ केला, एक हात वर केला आणि टीव्हीच्या बाजूला उभं राहून असे ओरडले की समोरच्या गोठ्यात त्यांचे बैल हंबरले:

"दोस्त चालला गावाहून, ओटा झाला खाली,
आता बोलशीन कोनासंगं? उरली एक बायली!
हर बोला हर हर महादेव!"

आमचे हे आणि ड्रायव्हरभाऊ छप्पर उडेल असे ओरडले. गुरुजींनी नेहमीसारख्या नुसत्या टाळ्या वाजवल्या, पण उभं राहून वाजवल्या. नात स्टुलावरून खाली बसली हसून हसून. आणि मी हातात झारा घेऊन उभी. म्हटलं, यांची दोस्ती जुळवायला मी जिवाचा आटापिटा केला, आणि झडती पडली माझ्या डोक्यावर! उरली एक बायली म्हणे! मग मलाही असं हसू आलं की झारा ठेवून भिंत धरावी लागली. आमचे हे उपरण्यानं डोळे पुसत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मिरची लय टाकली आज."

त्यानंतर उरलेला सिनेमा पाहिला, यावेळी खराखरा. मध्ये मध्ये आमचे हे नातीला विचारायचे, "हे तो मनला का तुही आजी मनली?" शेवटी ते चौघं रशियन गाडी ढकलत बर्फात बाहेर काढतात आणि टोपीवाला सांगतो की बॅटरी त्यानं कधीच काढून घरी नेली होती, थंडीनं खराब होऊ नये म्हणून. ड्रायव्हरभाऊ दोन्ही हात वर करून खोलीभर फिरले. "मनलं नवतं का मी? पह्यल्याच मिंटाले मनलं नवतं का?" अजूनही ते कोणी पाहुणा आला की सांगतात, रशियातली गाडी मी इथं बसून ओळखली.

शनिवारी सकाळी भाऊजींनी बैल पुन्हा धुतले, बेगड लावली, झूल टाकली आणि रस्ता ओलांडून जोडी माझ्या दारात आणली. पोळा होऊन आठवडा झालेला. गावातली पोरं ओरडत मागे, "शिळा पोळा, शिळा पोळा!" मी सकाळीच पुरण शिजवायला टाकलं होतं, मला भाऊजींचा स्वभाव माहीत आहे. बैलांच्या पायावर पाणी घातलं, टिळा लावला, पोळी भरवली. डावीकडच्या बैलानं ताटासकट घेतली. बटाईदार कासरा घ्यायला आला, तेव्हा भाऊजींनी कासरा आमच्या यांच्या हातात दिला आणि यांनी तो बटाईदाराच्या हातात.  

आणि रविवारी गाडी आली. मी मनाची तयारी केली होती, आता हे दोघं गळ्यात पडतील, रडतील, मला सावरावं लागेल. भाऊजी गाडीत बसले. आमचे हे खिडकीजवळ गेले.

"पान्याच्या मोटरचं बटन बंद केलं का?"

"केलं."

"मांगचं दार?"

"तेबी केलं."

"मंग जाय."

"जातो."

संपलं. साठ वर्षांची दोस्ती, पोरी, आणि मोटरचं बटण! गाडी पिंपळापासून वळेपर्यंत हे तिथेच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बटन बंद नसन केलं त्यानं. पाहून येतो." गेले, आणि तिकडच्या ओसरीत तासभर बसून आले. बटण बंदच होतं.

आता भाऊजी पुण्याला चौथ्या मजल्यावर राहतात. नातवाची दुधाची वाटी खरंच धुतात, फोनवर स्वतःच सांगतात, आणि वरून सांगतात की माझ्याएवढी साफ कोणी धूत नाही. खाली बाकावर एक साताऱ्याकडचे निवृत्त गृहस्थ भेटले आहेत त्यांना. त्यांना झडती शिकवून राहिले आहेत. अजून ते रागावतात म्हणे, पण शिकतील.

आणि इकडे चार वाजता ओट्यावर मीच जाऊन बसते. पहिल्या दिवशी मी धरून चौघं झालो. मग ड्रायव्हरभाऊंनी तो झोपलेला प्रवासी काढला. मी म्हटलं, "प्रवाशाचं जाऊ द्या. कंडक्टर काय करत होता? त्यानं उठवायला नको?" असा गोंधळ उडाला, बाई! सहा महिन्यांत कोणाला कंडक्टर सुचला नव्हता. गुरुजी म्हणाले, "हा मुद्दा नवीन आहे." तेव्हापासून मला उठू देत नाहीत. पोळ्या करायला उशीर होतो तो त्यामुळे.

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. भाऊजींची ती झडती यांच्या अंगावर उधार आहे ना. परतवलीच पाहिजे. पुढच्या पोळ्याला भाऊजी येणार म्हणजे येणारच, मुलाकडून कबूल करून घेतलं आहे. तर हे आतापासून जुळवायला बसले. मी तांदूळ निवडत असते, हे येऊन विचारतात, "अवं, पुन्याले काय जुळते?" मी म्हणते, उणे. हे म्हणतात, "नाई, जरा झोंबनारं पाह्यजे." न्हाणीत असले तरी आतून ओरडून विचारतात. परवा आरती चालू असताना विचारलं!

मला एकटीला ही यमकं पुरवणं होत नाही, पोरी. तू शिकलेली आहेस, तुझं डोकं ताजं आहे. आता उठ, तुझ्या बसची वेळ होत आली, हा डबा त्याच्यासाठी घे. आणि ऐक, पुढच्या वेळी अशी रुसून नको येऊस. त्याला घेऊन ये, चांगली दोन दिवस राहायला ये. दुपारी चारच्या आत पोचशील अशी बस धर. येजो वं, लवकर येजो.